प्रश्नांचा निकाल आणि पुनर्विचार
(संशोधनपद्धतीतील एका अंगाचे विवेचन)

विद्येच्या कोणत्याही क्षेत्रात प्रश्न विचारणे जितके महत्त्वाचे आहे, तितकेच विचारलेला प्रश्न केव्हा मिटला असे मानावयाचे, हे ठरविणेही महत्त्वाचे आहे. एकही प्रश्न कधीच मिटत नाही असे मानले, तर प्रत्येक पिढीला तेच दळण पुन्हा दळावे लागेल. उलटपक्षी, एकदा मिटलेला प्रश्न पुन्हा कोणी काढूच नये असा दंडक घातला, तर मागल्या पिढीची चूक पुढल्या पिढीचे प्रमाण होऊन बसेल. संशोधकांच्या समाजाला या दोन्ही आपत्ती टाळावयाच्या असतात. त्यासाठी प्रश्न बंद करण्याची आणि तो पुन्हा उघडण्याची काही एक रीत त्याला ठरवावी लागते.

प्रथम 'प्रश्न बंद होणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. प्रश्न बंद झाला म्हणजे सत्य हाती आले, असा त्याचा अर्थ नव्हे. उपलब्ध साधनांच्या आधारे, त्या विशिष्ट स्वरूपात, त्या प्रश्नावर आणखी श्रम खर्च करण्यात अर्थ नाही, असा जाणकारांनी केलेला तो निर्णय होय. या व्याख्येत 'उपलब्ध साधने' आणि 'विशिष्ट स्वरूप' अशी दोन पदे आहेत. साधने बदलली किंवा प्रश्नाचे स्वरूप बदलले, तर निर्णयाचा आधारच बदलतो. म्हणून बंद करण्याचे कारण ज्यात नमूद केलेले नाही असा निर्णय अपुरा ठरतो. कारण प्रश्न कशामुळे मिटला हे कळल्याखेरीज तो कशाने उघडेल हे सांगता येत नाही.

१. न्यायव्यवहारातील दाखला

हा विचार आपल्याकडे नवा नाही. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. मिथ्या, संप्रतिपत्ती आणि प्रत्यवस्कंदन यांच्या जोडीला 'प्राङ्न्याय' हा चौथा प्रकार येतो. याच वादाचा निकाल पूर्वी लागला असून वादी त्यात हरलेला आहे, असे सांगणे म्हणजे प्राङ्न्याय होय. अर्थात मिटलेला वाद पुन्हा उकरून काढू नये, हे तत्त्व शास्त्रकारांना मान्य होते.

परंतु त्याच शास्त्रात पुनर्न्यायाचीही सोय आहे, आणि ती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे एखादा व्यवहार वाईट रीतीने पाहिला गेला असेल, तर राजाने तो पुन्हा पाहावा आणि पूर्वीच्या सभ्यांना व जिंकलेल्या पक्षालाही दुप्पट दंड करावा. तसेच न्यायाने हरलेला पक्ष 'आपण हरलोच नाही' असे म्हणून पुन्हा आला आणि पुन्हा हरला, तर त्यालाही दुप्पट दंड सांगितला आहे. वाद बेपर्वाईने बंद करणारा आणि तो बेपर्वाईने उघडणारा, या दोघांवरही जबाबदारी टाकणारी ही व्यवस्था आहे. संशोधनाच्या क्षेत्रात मात्र ही जबाबदारी बहुधा उघडणाऱ्यावरच टाकली जाते. बंद करणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही.

मराठेशाहीतील निवाडपत्रे या दृष्टीने उद्बोधक आहेत. त्यांत केवळ निकाल नसतो. उभय पक्षांच्या तकरिरी, दाखविलेले कागद, साक्षीदारांचे म्हणणे आणि मग निर्णय, असा क्रम असतो. हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र लिहून घेण्याचीही चाल होती. पुढे कोणी तोच वाद काढला, तर पूर्वी काय पाहिले गेले होते हे त्या कागदावरूनच कळत असे.

आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८) हीच दोन टोके दिसतात. कलम ११ प्रमाणे त्याच पक्षकारांमध्ये सक्षम न्यायालयाने अंतिमतः निकालात काढलेला वादविषय पुन्हा चालविता येत नाही. मात्र आदेश ४७ प्रमाणे पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. पुरेशी दक्षता घेऊनही पूर्वी हाती न आलेला नवा व महत्त्वाचा पुरावा सापडणे, अभिलेखावरून उघड दिसणारी चूक असणे, किंवा तत्सम पुरेसे कारण असणे, या त्याच्या अटी आहेत. 'निकाल मला पटत नाही' एवढ्यावर पुनर्विलोकन होत नाही. संशोधकाने ही अट जशीच्या तशी उचलावी इतकी ती मार्मिक आहे.

२. प्रश्न बंद करण्याची कारणे

न्यायालयातील वाद आणि विद्येतील प्रश्न यांत एक भेद आहे. न्यायालयाला निकाल द्यावाच लागतो; विद्येत मात्र प्रश्न उत्तराशिवायही बंद करता येतो. अशा बंदीची कारणे स्थूलमानाने पाच प्रकारची असतात: प्रश्न पुनरुक्त असणे, अस्पष्ट असणे, अतिव्याप्त असणे, केवळ मतावर अवलंबून असणे, आणि त्या विद्याशाखेच्या क्षेत्राबाहेरचा असणे.

अस्पष्टतेचे उदाहरण घरचेच घेता येईल. एखाद्या जुन्या कागदात 'नांदगाव' असे नाव आले आणि 'हे नांदगाव कोणते?' असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर त्या स्वरूपात त्याचे उत्तर देता येणार नाही. अमरावतीजवळ नागपूरच्या हमरस्त्यावर नांदगाव पेठ आहे. त्याच जिल्ह्यात, खंडेश्वराच्या हेमाडपंती देवालयासाठी प्रसिद्ध असलेले नांदगाव खंडेश्वर आहे. नाशिक जिल्ह्यात तालुक्याचे नांदगाव आहे, आणि विदर्भाच्या पूर्वेस छत्तीसगडात राजनांदगाव आहे. नावाला जोडलेले 'पेठ' आणि 'खंडेश्वर' हे शब्द लोकांनी नेमका हा घोटाळा टाळण्यासाठीच वापरात ठेवले आहेत. एकाने बाजार सांगितला, दुसऱ्याने देव सांगितला. कागदातील परगणा, शेजारच्या गावांची नावे किंवा एखाद्या देवस्थानाचा उल्लेख प्रश्नाबरोबर दिला, की तोच प्रश्न उत्तरक्षम होतो. येथे बंदी ही शिक्षा नव्हे. प्रश्न दुरुस्त करून आणण्यासाठी दिलेली ती मुदत होय.

मतावलंबी प्रश्नांचेही तसेच आहे. 'ज्ञानेश्वर श्रेष्ठ की तुकाराम?' हा प्रश्न संशोधनाचा नव्हे. परंतु 'एकोणिसाव्या शतकातील मराठी टीकाकारांनी या दोघांचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर केले?' असे त्याचे रूपांतर केले, तर तो कागदपत्रांच्या आधारे सोडविता येतो. अतिव्याप्त प्रश्नाचे तुकडे पाडावे लागतात. क्षेत्राबाहेरचा प्रश्न योग्य त्या विभागाकडे पाठवावा लागतो.

पुनरुक्ती हे कारण सर्वांत सोयीचे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे आहे. 'या विषयावर काम झाले आहे' हे वाक्य उच्चारण्यास श्रम पडत नाहीत. विषय एक असला म्हणजे प्रश्न एक असतोच असे नाही. मागील प्रबंधाने नेमके काय विचारले होते, कोणती साधने पाहिली होती आणि कोणता निष्कर्ष काढला होता, या तिन्ही बाबी जुळल्या तरच पुनरुक्ती सिद्ध होते. 'शोधगंगा' या प्रबंधसंग्रहामुळे ही तुलना आज पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. केवळ शीर्षक पाहून पुनरुक्तीचा शिक्का मारण्यास आता सबब उरलेली नाही.

३. स्वरूप बदलल्याने उघडलेला प्रश्न

आता प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू. 'मराठीचा आद्य शिलालेख कोणता?' हा प्रश्न दीर्घकाळ बंद होता. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख हे त्याचे सर्वमान्य उत्तर असून त्याचा काळ इ. स. ९८३ असा सांगितला जाई. क्रमिक पुस्तकांनी ते उत्तर घरोघर पोहोचविले.

या उत्तरात एक गृहीत दडलेले होते. चामुंडरायाने मूर्ती करविली तो काळ हाच ती गोष्ट नोंदविणाऱ्या लेखाचाही काळ, असे ते गृहीत होय. परंतु त्याच ठिकाणच्या दुसऱ्या ओळीत गंगराजाने सभोवतालची ओवरी करविल्याची नोंद आहे, आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा मंत्री, म्हणजे बाराव्या शतकाच्या पहिल्या चरणातील पुरुष. दोन्ही ओळींच्या अक्षरांचे साम्य लक्षात घेतले, तर पहिली ओळही त्याच वेळी कोरली गेली असावी अशी शंका येते. मूर्ती दहाव्या शतकातील असली तरी लेख बाराव्या शतकातील असू शकतो.

दुसरीकडे अलिबागजवळील आक्षी येथील लेख पुढे आला. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला. तथापि त्या वाचनाविषयी मतभेद झाले. सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, लेख आनंद कुंभार यांच्या शोधामुळे अभ्यासकांसमोर आला. तेथे मराठी वाक्यही आहे आणि शकाचा उल्लेखही आहे.

येथे नवा पुरावा मिळाला हे खरे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. उलट मूळ प्रश्नच अस्पष्ट होता, हे उघड झाले. 'आद्य' म्हणजे सर्वांत जुना मराठी शब्द असलेला, सर्वांत जुने मराठी वाक्य असलेला, की सर्वस्वी मराठीत लिहिलेला? काळ लेखातच दिलेला हवा, की अक्षरवटिकेवरून अनुमानलेला चालेल? या प्रत्येक अर्थाने उत्तर वेगळे येऊ शकते. एक प्रश्न बंद करून त्याच्या जागी तीन-चार नेमके प्रश्न उघडणे, ही येथील खरी प्रगती आहे. 'मराठीचा आद्य ग्रंथ' या वादाचीही अशीच वाटणी झाली. मुकुंदराजाच्या विवेकसिंधूचा शके १११० हा काळ ज्या ओवीवरून सांगितला जातो तिच्या अस्सलपणाविषयी शंका निघाली, आणि 'आद्य काव्यग्रंथ' व 'आद्य गद्यग्रंथ' हे प्रश्न निरनिराळे चर्चिले जाऊ लागले.

४. पुराव्याने उघडलेला प्रश्न आणि समितीची मर्यादा

शिवजन्मतिथीचा प्रश्न याहून वेगळ्या जातीचा आहे. येथे प्रश्न पहिल्यापासून नेमका होता. अडचण साधनांची होती. बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे जन्मवर्ष रूढ झाले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मे १६२७ असे दिले. बखरी उत्तरकालीन असून त्यांच्या तिथी परस्परांशी जुळत नाहीत, हे माहीत असूनही दुसरे साधन नसल्यामुळे ते वर्ष चालत राहिले.

कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे अभ्यासकांपुढे ठेवली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद होती. इंग्रजी कालगणनेने तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० हा येतो. एकट्या शकावलीवर निर्णय फिरविणे धाडसाचे होते. परंतु १९२७ साली स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केलेल्या परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी निघाली, आणि जोधपूर येथे सापडलेल्या जुन्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. परस्परांपासून दूर असलेली तीन साधने एकाच दिवसाकडे बोट दाखवीत होती.

तरीही प्रश्न लगेच मिटला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६६ साली इतिहासज्ञांची समिती नेमली. तिच्यातही एकमत झाले नाही. पुढे २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख शासकीय जयंतीसाठी स्वीकारली. मात्र तिथीप्रमाणे जयंती साजरी करणारे आजही आहेत. शिवाय १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन, पद्धतीची असून आजच्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० हा येतो.

या इतिहासात तीन निरनिराळे निर्णय एकमेकांत मिसळले आहेत. जन्म कधी झाला हा इतिहासाचा प्रश्न; तो साधनांनी मिटतो. जयंती कोणत्या दिवशी करावी हा व्यवहाराचा प्रश्न. तो शासन मिटवू शकते. ती तिथीने करावी की तारखेने, हा परंपरेचा प्रश्न; तो लोकांच्या स्वीकृतीनेच मिटेल. समितीच्या बहुमताने किंवा शासनाच्या आदेशाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर सिद्ध होत नाही आणि त्यांच्या अभावी ते असिद्धही ठरत नाही. अधिकाराने दिलेला निर्णय आणि पुराव्याने दिलेला निर्णय यांत गल्लत झाली, की प्रश्न कागदावर बंद होतो व मनात उघडा राहतो.

५. रिद्धपूरची परंपरा

मिटलेले प्रश्न पुन्हा उघडण्याचा सर्वांत मोठा प्रसंग मराठी वाङ्मयात महानुभाव ग्रंथांमुळे आला, आणि त्याचे मूळ वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास येथेच त्यांच्या लीळा संकलित केल्या. महानुभावांचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बद्ध असल्यामुळे ते शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना अगम्य राहिले. त्या काळात मराठी गद्याचा इतिहास प्रामुख्याने बखरी आणि पत्रव्यवहार यांपासून सांगितला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. मराठी गद्याचा आरंभ एकदम तेराव्या शतकापर्यंत मागे गेला. येथे जुन्या अभ्यासकांनी हलगर्जीपणा केला असे म्हणता येत नाही. त्यांच्या निर्णयाला आधारभूत असलेली साधनेच अपुरी होती. कुलपाची किल्ली मिळाली आणि प्रश्न उघडला.

परंतु रिद्धपूरच्या परंपरेकडून घेण्यासारखी याहून मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे म्हाइंभटांची पद्धती. चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून, त्यांनी आठवणी मिळविल्या. आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पंथाच्या परंपरेप्रमाणे मूळ ग्रंथ पुढे खालशाच्या धाडीत नष्ट झाला व हिराइसा इत्यादिकांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. साहजिकच स्मरणांत भेद निघाले. अशा वेळी एकच पाठ खरा मानून बाकीचे टाकून देणे सोपे होते. पण परंपरेने भिन्न पाठांना 'वासना' असे नाव दिले आणि हिराइसेची, परशरामबासांची, रामेश्वरबासांची अशी ज्याची वासना त्याच्या नावानिशी जपून ठेवली.

या कृतीचे पद्धतिशास्त्रीय महत्त्व मोठे आहे. ज्यांना श्रींच्या शब्दाशब्दाविषयी श्रद्धा होती, त्यांनीच मतभेद पुसून टाकले नाहीत. ग्रंथ वाचनासाठी स्थिर केला, म्हणजे प्रश्न व्यवहारापुरता बंद केला; परंतु तो उघडण्यास लागणारी सामग्री त्याच ग्रंथात ठेवली. आजचा संपादक पाठनिश्चिती करून तळाशी पाठभेद देतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. वासना पुसल्या गेल्या असत्या, तर पुढील संपादकांना पुनर्विचार करण्यास काहीच उरले नसते.

६. निष्कर्ष आणि विभागांसाठी काही नियम

वरील विवेचनावरून अभ्यासमंडळांना व संशोधन-समित्यांना उपयोगी पडतील असे काही नियम निघतात.

पहिला नियम कारणनिर्देशाचा. एखादा प्रस्ताव नाकारताना किंवा प्रश्न मिटला असे सांगताना वरील पाच कारणांपैकी कोणते कारण लागू आहे, ते लेखी द्यावे. पुनरुक्ती असेल तर पूर्वीचा ग्रंथ व त्यातील प्रकरण दाखवावे. 'हे झाले आहे' एवढे उत्तर निवाडपत्रात बसणारे नाही.

दुसरा नियम अटीचा. प्रश्न कशाने पुन्हा उघडेल हेही त्याच वेळी नोंदवावे. अस्पष्टतेमुळे बंद झालेला प्रश्न दुरुस्तीने उघडतो, साधनांअभावी बंद झालेला साधनांनी उघडतो, आणि व्यवहारासाठी बंद केलेला व्यवहाराची गरज बदलली म्हणजे उघडतो. या तिन्ही वाटा भिन्न आहेत.

तिसरा नियम उघडणाऱ्याच्या कर्तव्याचा. त्याने पूर्वीचा निर्णय पूर्ण वाचलेला असावा, त्याची आधारभूत साधने स्वतः तपासलेली असावीत, आणि त्यांत काय नवे आहे किंवा कोणती चूक उघड दिसते, हे थोडक्यात सांगता आले पाहिजे. केवळ नापसंती हे नवे साधन नव्हे. आवडीचे उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारीत राहणे हा संशोधनाचा नव्हे, आग्रहाचा मार्ग होय.

चौथा नियम निर्णायकाविषयीचा. ज्याने प्रश्न बंद केला त्याच्या एकट्याच्या हाती तो उघडण्याचा अधिकार नसावा. स्वतःच्या निर्णयातील दोष पाहणे मनुष्यस्वभावाला अवघड जाते. म्हणून पुनर्विचार दुसऱ्या जाणकारांसमोर व्हावा, आणि मूळ निर्णय बेपर्वाईचा ठरला तर तेही नोंदले जावे. याज्ञवल्क्याने सभ्यांनाही दंड सांगितला, त्यातील मर्म हेच आहे. दंड आज करावयाचा नाही. परंतु दोषाची नोंद टाळावयाचीही नाही.

हे नियम केवळ कार्यालयीन शिस्तीसाठी नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थी प्रश्न घेऊन येतो, तेव्हा तो प्रश्न बहुधा कच्चा असतो. कारण न देता तो बंद केला, तर विद्यार्थी प्रश्न दुरुस्त करण्यास शिकत नाही. प्रश्न विचारण्याचे सोडून देण्यास शिकतो. उलट कच्चा प्रश्न तसाच पुढे जाऊ दिला, तर त्याची तीन-चार वर्षे अनुत्तरक्षम प्रश्नात जातात. योग्य कारणाने वेळीच बंद केलेला आणि दुरुस्त होताच पुन्हा उघडलेला प्रश्न हे दोन्ही तोटे टाळतो. प्रश्नाचे दार लावून घेण्यास हरकत नाही. मात्र त्याची किल्ली कोठे ठेवली आहे, ते दारावर लिहून ठेवणे हे दार लावणाऱ्याचे कर्तव्य आहे.